फाल्गुनातील ‘ग्रामगीता’

फाल्गुनात वऱ्हाडातील गहू-हरभरा घरी येतो, पळस फुलतो आणि होळीसाठी अंगणोअंगणी शेणाच्या चाकोल्या वाळू लागतात. ह्याच दिवसांत आम्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ पुन्हा वाचली. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या महाराजांनी हा ४१ अध्यायांचा ग्रंथ ग्रामनाथाला अर्पण केला आहे.

हे काव्य नव्हे, प्रचार आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांला तो अर्धाच पटतो. जात्यावरच्या गाण्याशी नाते सांगणारी ओवी हाती घेऊन महाराज सफाई, आरोग्य, श्रम ह्यांविषयी बोलतात, तेव्हा ऐकणाऱ्याला तो उपदेश परका वाटत नाही. (एकट्याने मनात वाचू नये, चारचौघांत मोठ्याने वाचावी.) मात्र महाराजांचे गाव बहुधा ‘असावे’ ह्या रूपात येते. ‘सण-उत्सव’ अध्याय सणांना विधायक वळण लावू पाहतो. चाकोल्या थापणाऱ्या पोरांची मौज तिथे आम्हांला फारशी सापडली नाही.

‘ग्रामकुटुंब’ अध्यायापाशी आम्ही अडखळलो. सारे गाव जर एक कुटुंब, तर कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्याच्या चुलीची काळजी कोणी वाहायची? गेल्या काही दशकांत अमरावती-अकोल्याच्या ह्याच कापूसपट्ट्यात अशा कितीतरी चुली विझल्या. शेजारच्या घरी कदाचित ‘ग्रामगीता’ फडताळात असेल. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी ह्या उपवासकाळात निदान हा एक अध्याय एकत्र बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे.