सेवेचे तास मोजून काय कळतं?

अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘फ्रॅटर्निटी’ म्हटलं की पार्ट्या आठवतात. पण १९२५ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात सुरू झालेली अल्फा फाय ओमेगा वेगळी, तिचं कामच समाजसेवा. १९५२ मध्ये मुलींची गामा सिग्मा सिग्मा आली. १९७६ पासून अल्फा फाय ओमेगातही मुलींना प्रवेश मिळाला.

अशा संघटनांचं यश सांगताना बऱ्याचदा सेवेच्या तासांची बेरीज पुढे केली जाते. इथे दोन प्रश्न विचारा. एक, तासांवरून सदस्यांनी किती वेळ दिला ते कळतं. पण समोरच्याला काय मिळालं? दोन, संघटनेमुळे सेवावृत्ती आली, की ती असलेलेच आत आले? अल्फा फाय ओमेगात तर सुरुवातीला स्काउट असलेल्यांनाच घेत. म्हणजे निवड दारातच झालेली! मग सदस्य आणि इतर विद्यार्थी यांची नुसती तुलना करून ‘संघटनेने घडवलं’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी प्रवेशाआधीची माहिती हवी.

आणि ज्यांच्यासाठी ही सेवा, त्यांच्याशीही बोलायला हवं. तुमच्या संशोधन-प्रस्तावात त्यांच्या मुलाखती नसतील, तर शीर्षकात ‘सेवेचा परिणाम’ लिहू नका. ‘सदस्यांचा अनुभव’ लिहा.