पायाला भिंगरी लागलेल्या मुली

शिक्षकांच्या कपाटात परभाषेतून आलेली जी मोजकी पुस्तके आढळतात, त्यांत तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' बहुधा असतेच. १९८१ साली जपानीत प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने मराठीत आले आणि नॅशनल बुक ट्रस्टने ते आमच्या हाती दिले. त्यावर आपल्या मंडळींत पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु ते सारे शिक्षणशास्त्राच्या अंगाने. आगगाडीच्या डब्यांत भरणारे वर्ग, मुलांनी आपल्या मर्जीने निवडावयाचे विषय, सहानुभूतीने ऐकणारा मुख्याध्यापक, या गोष्टींचे कौतुक आम्हीही केले आहे. तोत्तोचान ही वाङ्मयीन दृष्ट्या एक स्वभावरेखा आहे आणि जपानी कलेत तिचे मोठे कुळ आहे, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये या पुस्तकावरील शिन्नोसुके याकुवा यांचा अ‍ॅनिमेशनपट जपानात प्रदर्शित झाला. पुढे तो आमच्या पाहण्यात आला, आणि मग त्या कुळातील इतर मुलींचा शोध घेणे भाग पडले. या वाटेला आम्ही उशिरा व काहीशा नाखुशीने वळलो, हे कबूल केले पाहिजे. वह्यांच्या समासात मोठमोठ्या डोळ्यांच्या मुली रेखाटणारे विद्यार्थी आम्ही अनेक वर्षे पाहत होतो, व त्या वह्या जप्तही करीत होतो.

जपानी भाषेत 'गेंकी' असा एक शब्द आहे. प्रकृतिस्वास्थ्य आणि उत्साह हे दोन्ही अर्थ त्यात एकवटलेले असून, परस्परांचे कुशल विचारताना तो सर्रास योजला जातो. तो ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यांतील पहिल्याचा अर्थ 'मूळ' आणि दुसऱ्याचा, आपल्या 'प्राण' या कल्पनेच्या जवळ जाणारा. तेथील चित्रकथांचे, म्हणजे 'मांगा'चे, आणि अ‍ॅनिमेशनपटांचे रसिक जिला 'गेंकी' मुलगी म्हणतात, ती चालण्याऐवजी धावते, बोलण्याऐवजी ओरडते, जेवताना पुन्हा पुन्हा भात मागते, धडपडते, गुडघे फोडून घेते आणि पुढल्याच चौकटीत पुन्हा धावू लागते. अशा मुलीला आपण वारा प्यालेली म्हणतो, तिच्या पायाला भिंगरी लागली आहे असे म्हणतो. आणि तसे म्हणताना आपल्या कपाळाला बहुधा आठी असते. आपल्या बालवाङ्मयातील धावाधाव मुख्यत्वे मुलांनीच केली. फास्टर फेणे धावला, गोट्याने खोड्या केल्या, ना. धों. ताम्हनकरांची 'चिंगी' सोडली तर त्यांच्या जोडीला बसविण्याजोगी मुलगी आम्हांस तरी चटकन आठवत नाही. जपानी कलेत मात्र अशा मुलींची दाटी आहे. किंबहुना ती इतकी आहे की स्वभावरेखेचा साचा होऊन बसला आहे, आणि साचा म्हटला की समीक्षकाने थोडे सावध व्हावयास हवे.

आम्ही या मुलींना एकच प्रश्न विचारावयाचे ठरविले. हा उत्साह कोठून येतो, आणि तो कोणाच्या कामी येतो? ज्या कृतीत याचे उत्तर मिळते तेथे मुलगी ही व्यक्ती होते. जेथे मिळत नाही तेथे ती घड्याळातल्या पाखरासारखी. ठोका पडला की बाहेर येणार, ओरडणार आणि आत जाणार.

प्रथम एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे. दूरचित्रवाणीसाठी अ‍ॅनिमेशन करण्याची जपानी रीत ओसामु तेझुका यांच्या १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झालेल्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या मालिकेने रूढ केली, आणि ती रीत काटकसरीची होती. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तेथे एक रेखाचित्र तीन चौकटींना पुरवून सेकंदाला आठच चित्रांत काम भागविले जाई. पुष्कळदा चेहरा स्थिर राही आणि ओठ तेवढे हलत. अशा काटकसरीच्या संसारात धावणारी मुलगी ही उधळपट्टीच होय. तिच्या प्रत्येक पावलासाठी कोणाला तरी रात्र जागून काढावी लागते. म्हणून एखाद्या कृतीत मुलगी खरोखर धावताना दिसली, म्हणजे तिच्या शरीराचे वजन, श्वास आणि अडखळणे दिसले, तर कलावंताने त्या धावण्याला मोल दिले आहे असे समजावे. आणि केवळ मागे रेघा ओढून व तोंड उघडे काढून धावण्याचा भास दिला असेल, तर बहुधा साच्यावर भागविले आहे असे समजावे. ही कसोटी अचूक नाही, पण उपयोगी आहे.

या कुळाची आद्य स्त्री मुलगी नव्हे, गृहिणी आहे. माचिको हासेगावा यांची 'साझाए-सान' १९४६ साली फुकुओकाच्या एका वृत्तपत्रात अवतरली, तेव्हा जपानच्या पराभवाला वर्षही लोटले नव्हते. पुढे 'असाही शिंबुन' या दैनिकात ती १९७४ पर्यंत चालली, आणि १९६९ पासून सुरू असलेली तिची मालिका अद्यापि संपलेली नाही. घाईघाईत वस्तू विसरणारी, आईबापांच्या घरात नवऱ्यासह व मुलासह राहणारी ही बाई शालीन स्त्रीच्या जुन्या कल्पनेत कोठेच बसत नाही. पराभूत व अर्धपोटी देशाने सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर या बाईला हसावे, यात तिच्या उत्साहाचे कारणही आहे आणि कामही.

अकिरा तोरियामा यांच्या 'डॉक्टर स्लम्प' (१९८०–८४) मधील अरारे ही याच्या अगदी उलट. ती एका विक्षिप्त शास्त्रज्ञाने बनविलेली यंत्रकन्या आहे. गंमत म्हणून ती एका ठोशात पृथ्वी दुभंगते आणि रस्त्यावरची विष्ठा काडीवर घेऊन कौतुकाने मिरवते. आमच्या काही सहकाऱ्यांना ही अभिरुची रुचणार नाही. तथापि तोरियामा प्रामाणिक आहेत. उत्साहाला कारण नसेल तर तो यंत्राचाच असावयाचा, हे त्यांनी उघड सांगून टाकले. अरारे थकत नाही. तिचे इंधन संपले म्हणजे ती थांबते, इतकेच. पुढच्या अनेक लेखकांनी अरारेचा वेग उचलला आणि ती यंत्र आहे हे मात्र दडविले.

त्यातून शालेय कथांची ती ओळखीची पंगत तयार झाली : एक अबोल, एक रागीट, एक हुशार आणि एक उड्या मारणारी. या कथांविषयी फार लिहावे असे नाही. किओहिको आझुमा यांची 'आझुमांगा दाइओ' (१९९९–२००२) तेवढी वेगळी काढली पाहिजे. तीतील तोमो हीही विनाकारण उसळणारी मुलगी आहे, पण तिचा त्रास इतरांना खरोखर होतो. तिची बालमैत्रीण कोयोमी वैतागते, रागावते आणि तरीही तिच्याबरोबरच घरी जाते. चार चौकटींच्या विनोदात एवढे साधणे सोपे नाही.

आमची खरी तक्रार आहे ती अतिशय लोकप्रिय झालेल्या एका कृतीविषयी. नाओशी अराकावा यांच्या 'युअर लाय इन एप्रिल' (२०११–१५) या चित्रकथेत, आणि तीवरील मालिकेत, आईच्या मृत्यूनंतर स्वतःच्या पियानोचे सूर ज्याला ऐकू येईनासे झाले आहेत असा कोसेई नावाचा मुलगा आहे. त्याच्या आयुष्यात काओरी ही व्हायोलिन वाजविणारी मुलगी वाऱ्यासारखी शिरते, त्याला ओढत रंगमंचावर नेते आणि शेवटी दुखण्याने मरण पावते. तिच्या मागे राहिलेल्या पत्रातून कळते की आपले दिवस थोडे उरले आहेत हे उमगल्यावर तिने हा धीट उत्साह बुद्धिपुरस्सर धारण केला होता. ही कल्पना सामान्य नाही, आणि पत्र वाचताना आमचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. परंतु अश्रू आले म्हणजे न्याय झाला असे नव्हे. मरणाच्या छायेत एक मुलगी ठरवून आनंदी होते, ही या कथेतील सर्वांत मोठी घटना. आणि तीच घटना लेखकाने पडद्याआड घडू दिली. ती कोणत्या रात्री घाबरली असेल, आरशासमोर उभी राहून कोणता चेहरा तिने वापरून पाहिला असेल, हे आम्हांला तिच्या हयातीत जवळजवळ दिसतच नाही. तिचा उत्साह औषधाच्या बाटलीसारखा मुलाच्या उशाशी ठेवला आहे. त्याला बरे वाटल्यावर बाटली रिकामी होते. कथा कोसेईची आहे, तेव्हा ती त्याच्याच डोळ्यांनी दिसावयाची, असा बचाव कोणी करतील. पण नागारू तानिगावा यांच्या 'हारुही सुझुमिया' या कादंबरीत (२००३), व तीवरील २००६ च्या मालिकेतही, निवेदक मुलगाच आहे. तरी तेथे सारा वर्ग वेठीस धरणारी हारुही एकदा थांबते आणि लहानपणची गोष्ट सांगते. बेसबॉलच्या सामन्याला जमलेली हजारोंची गर्दी पाहून आपण या जगात किती क्षुद्र आहोत हे तिला एकाएकी जाणवले, आणि त्या दिवसापासून तिला सारेच बेचव लागू लागले. तिची धावपळ ही त्या बेचवपणापासूनची पळापळ आहे. एवढा एक प्रसंग, आणि मुलगी उभी राहिली. अराकावांना हे अशक्य नव्हते.

आता ज्या दोन कृतींसाठी हा लेख लिहावयास घेतला त्यांकडे वळू.

हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' (१९८८) हा चित्रपट मुलांना दाखविण्याजोगा म्हणून शिक्षकांना ठाऊक असतो. त्याच्या आरंभी सात्सुकी व तिची चार वर्षांची बहीण मेई वडिलांबरोबर खेड्यातील जुन्या घरी राहावयास येतात. गाडी थांबताच दोघी धावत सुटतात, कुजलेला खांब हलवून पाहतात, अंधाऱ्या खोलीत शिरून मोठ्याने ओरडतात. प्रेक्षक हसतो. हळूहळू कळते की त्यांची आई रुग्णालयात आहे आणि कधी परत येईल ते निश्चित नाही. सात्सुकी सकाळी उठून स्वयंपाक करते, सर्वांचे डबे भरते आणि धावत शाळेला जाते. मग तो आरंभीचा दंगा वेगळा दिसू लागतो. अंधारात मुले ओरडतात ती पुष्कळदा भीतीनेच. मियाझाकी हे कोणाच्या तोंडून बोलवून घेत नाहीत. रुग्णालयाची तार येते, बहिणींचे भांडण होते, आणि आतापर्यंत घर सावरून धरणारी सात्सुकी शेजारच्या आजीपुढे लहान मुलीसारखी रडते. ते पाहून मेई एक मक्याचे कणीस उराशी धरून आईकडे एकटीच निघते व हरवते. संध्याकाळच्या उन्हात सात्सुकी तिला शोधत शेताशेतांतून धावते. पाय तेच, मुलगी तीच. पण आरंभीचे धावणे आणि हे धावणे यांत एक आयुष्य उलटले आहे. ही दोन धावणी एकाच चित्रपटात समोरासमोर ठेवणे, यातच मियाझाकींचे मोठेपण आम्हांला दिसते. 'गेंकी' मुलगी थकते, तिला भीती वाटते, आणि तिच्या थकण्याने तिचा उत्साह खोटा ठरत नाही.

याकुवांचा चित्रपट याच वाटेने एक पाऊल पुढे जातो. प्रथमदर्शनी तो खटकतो. मुलांच्या गालांना व ओठांना लाली दिली आहे. ती त्या काळच्या बालचित्रांची धाटणी असली, तरी नजर रुळावयास वेळ लागतो. तोत्तोचान पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढली जाते. अपराध एवढाच की ती मेजाचे झाकण पुन्हा पुन्हा उघडते आणि खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. जपानी शीर्षकातील खिडकीला आणखी एक अर्थ आहे : कचेरीत ज्याला काम उरलेले नाही अशा माणसाला खिडकीजवळ बसवितात, आणि तेथे बसणारा म्हणजे बाजूला सारलेला. मग तोमोए शाळेचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी तिला समोर बसवून घेतात आणि तिच्याजवळचे सारे बोलणे संपेपर्यंत ऐकतात. पुस्तकात हे ऐकणे चार तासांचे आहे. आमच्या व्यवसायातील वाचक येथे स्वतःला कोबायाशींच्या खुर्चीत पाहतो. आम्हीही तसेच पाहिले होते. चित्रपट पाहताना मात्र ती पहिल्या शाळेची त्रासलेली शिक्षिका अधिक ओळखीची वाटली. एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही तांबड्या शाईने 'चंचल' असा शेरा लिहिला होता. ती खिडकीतून काय पाहत असे, हे विचारले नव्हते.

परंतु चित्रपटाचे बळ या प्रसंगात नाही. पोलिओने अधू झालेल्या यासुआकीला तोत्तोचान शिडी लावून, ओढून, घामाघूम होऊन झाडावर चढविते. तिच्या अंगातील अतिरिक्त शक्तीला येथे प्रथमच वजन मिळते. अक्षरशः एका मुलाच्या देहाचे वजन. पुढे यासुआकी मरण पावतो. अंत्यविधीनंतर तोत्तोचान रस्त्याने धावत सुटते. दुतर्फा युद्धावर निघालेल्या सैनिकांना निरोप देणारी गर्दी आहे, जायबंदी होऊन परतलेले आहेत, लढाईचा खेळ खेळणारी मुले आहेत. ती कोणाकडे पाहत नाही, एक शब्द बोलत नाही. सबंध चित्रपटभर बडबडणारी मुलगी येथे मुकी होऊन धावते, आणि तिच्याभोवती एक अख्खा देश रांगेत, शिस्तीत, एका सुरात चाललेला असतो. पुस्तकात हे धावणे नाही. ते अ‍ॅनिमेशनलाच साधणारे आहे. वर आम्ही चित्रांच्या हिशेबाची जी कसोटी सांगितली ती येथे लावून पाहावी. एकेका पावलावर श्रम ओतलेले दिसतात.

१९४५ च्या हवाई हल्ल्यात तोमोए शाळा जळाली. जळती शाळा पाहत उभे असलेले कोबायाशी, आता पुढची शाळा कशी काढावयाची, असे आपल्या मुलाला विचारतात, हे पुस्तकाच्या वाचकांना आठवत असेल. ती शाळा पुन्हा उभी राहिली नाही. १९६३ मध्ये ते वारले. पहिल्या शाळेतून आपल्याला काढून टाकले होते, ही गोष्ट तेत्सुकोच्या आईने तिला विसावे वर्ष उलटेपर्यंत सांगितली नव्हती.