भिंतीवरचा ‘बिंदू’ आणि मोजपट्टी

अमरावतीच्या खोलीसाठी मी अकोल्याहून एक फ्रेम आणली. सय्यद हैदर रझा यांच्या ‘बिंदू’ मालिकेतल्या एका चित्राची छापील प्रत, २४ बाय १८ इंच, आडवी. दुकानदार म्हणाला, “घ्या ना भाऊ, खोलीत शांत वाटते.” पण झालं उलटंच. चित्र सतत कलंडल्यासारखं वाटायचं.

शेवटी मोजपट्टी लावली. मधला काळा गोल आडवा २० सेंटिमीटर, उभा १५. गुणोत्तर ४:३, आणि फ्रेमचंही तेच! मुळात ते वर्तुळ होतं असं धरलं, तर चौरस चित्र ओढून आडव्या फ्रेममध्ये बसवलंय. गृहीतक तपासायला ग्रंथालयातलं पुस्तक काढलं. मूळ चित्र चौरसच निघालं.

फरक किरकोळ नाही. रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले, नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले. लहानपणी शिक्षकांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे एकटक बघायला लावलं होतं, ही आठवण ते सांगत. त्यांच्या बिंदूची ताकद वर्तुळातच आहे. वर्तुळाला दिशा नसते, म्हणून भोवतालच्या रेघा, त्रिकोण कितीही ओढोत, ते जागचं हलत नाही. लंबवर्तुळाला दिशा असते. नजर आडवी घसरते. माझ्या प्रतीत रंग बऱ्यापैकी आलेत, चित्राचा मुद्दाच गेला.

भिंगातून पाहिलं तर निळे, किरमिजी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसतात. ही फसवणूक नव्हे, छपाईची मर्यादा आहे. चांगल्या प्रतीवरून रचना अभ्यासता येते. रंगाचा थर किंवा ब्रशचा हात नाही. आकारही नाही: रझांचं ‘सौराष्ट्र’ (१९८३) साधारण दोन मीटर बाय दोन मीटर आहे.

फ्रेमच्या मागे चित्राचं नाव, साल, माप काहीच नव्हतं. म्हणजे अक्षांवर एककं नसलेला आलेखच. रिव्ह्यू पेपरमधली आकृती मूळ पेपर न उघडता आपण सिनॉप्सिसमध्ये टाकतो, तेव्हा हेच करतो. आकृती ओळखीची वाटते, म्हणून ती बरोबर आहे असं समजतो.

प्रत जरूर घ्या. मूळ चित्र आपल्या फेलोशिपमध्ये येणार नाही! फक्त आधी मूळ चित्राची लांबी-रुंदी शोधा, आणि दुकानात मोजपट्टी घेऊन जा.