तिकीट माफ, दिंडी बंद

‘मोफत’ आणि ‘उघडे’ हे दोन शब्द आपण अलीकडे एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. 18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि 19 नोव्हेंबर हा वारसा सप्ताहाचा पहिला दिवस. या दोन्ही दिवशी केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत तिकीट लागत नाही. 2022 साली 5 ते 15 ऑगस्ट असे सलग अकरा दिवस ते माफ होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘वारसा जनतेसाठी खुला’ असा मथळा असतो. या मथळ्याविषयीच मला काही म्हणायचे आहे.

जे स्मारक एरवी रोज उघडे असते, ते एक दिवस फुकट झाले, एवढाच त्या बातमीचा अर्थ. जे एरवी बंद असते, ते त्या दिवशीही बंदच राहते. ज्या युरोपीय प्रथेशी आपल्या या दिवसांची तुलना केली जाते, तिचा जन्म मात्र नेमका उलट विचारातून झाला. फ्रान्समध्ये 1984 साली, झाक लांग सांस्कृतिक मंत्री असताना, ऐतिहासिक वास्तूंची ‘उघड्या दारांची’ मोहीम सुरू झाली. 1991मध्ये युरोप परिषदेने ती खंडभर नेली, आणि इंग्लंडने 1994 साली आपले वारसा खुले दिवस सुरू केले. त्यांचा भर तिकिटापेक्षा दारावर होता. वर्षभर ज्या खासगी घरात, कचेरीत, बागेत सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नाही, तिथे वर्षातून एकदा त्याला आत घ्यायचे आणि तिथल्याच कुणीतरी त्याला ते दाखवायचे, अशी ही योजना. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा एलिझे प्रासादही त्या दिवशी लोकांना पाहता येतो. आपण या प्रथेतले फुकटपण तेवढे उचलले आणि दार तिथेच सोडून आलो.

याचा परिणाम काय होतो, ते पुण्याच्या शनिवारवाड्यावर चांगले दिसते. गेली काही वर्षे मी या मोफत दिवशी मुद्दाम तिथे जातो आणि बाहेर पडणाऱ्यांशी बोलतो. ‘काय पाहिले?’ या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘काका मला वाचवा’ हेच असते. म्हणजे 30 ऑगस्ट 1773ची एक रात्र. वाड्याची वास्तुशांत झाली 1732 साली आणि पेशवाई बुडाली 1818 साली. मधल्या शहाऐंशी वर्षांतून प्रेक्षक एक खून घेऊन घरी जातो. यात दोष प्रेक्षकाचा नाही. आत गेल्यावर त्याच्यासमोर तटबंदी, नऊ बुरूज, पाच दरवाजे, जोती आणि त्यांच्यामधली हिरवळ एवढेच असते. वाडा 1828च्या आगीत गेला. उरलेल्या जोत्यांवरून माणसांचा वावर वाचायचा, तर वाचायला शिकवणारे कुणीतरी सोबत हवे. आपल्याकडच्या बहुतेक पाट्या जागेचे नाव सांगतात. तिथे कोण बसत असे, कोण उभे राहत असे आणि कुणाला उंबऱ्याशीच थांबावे लागे, हे त्या सांगत नाहीत.

गणेश रंगमहालाचेच उदाहरण घ्या. पेशव्यांचा हा दरबारी दिवाणखाना. त्याची कल्पना देणारे मोठे तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट 1790 साली सवाई माधवरावांच्या दरबारात तह करतो, असा त्याचा विषय. चित्रकार टॉमस डॅनियल त्या प्रसंगी हजर नव्हता. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात केलेल्या तयारीवरून त्याने 1805 साली ते चित्र पुरे केले. याच वेल्सच्या हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करत होता, आणि त्याची रेखाटने आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपला दिवाणखाना जळाला; त्याचे चित्र आणि चितारी मात्र परदेशी संग्रहांत जपून आहेत. मोफत दिवशी जोत्यापाशी या चित्राची एक मोठी प्रत उभी केली आणि एखादा जाणकार तिथे तासभर बसला, तर हिरवळीचा दिवाणखाना होईल. त्याला तिकीटमाफीहून फार अधिक खर्च येणार नाही.

विश्रामबागवाड्याची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. सुरूच्या घाटाचे खांब आणि केळफुलांचे नक्षीकाम आजही रस्त्यावरून दिसते. राज्य गेल्यावर 1821 साली इथेच संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्या परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. 1879च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, तेव्हा तो पुन्हा उभारायला पुणेकरांनी वर्गणी दिली. माझ्या मते या वास्तूचा खरा इतिहास हा आहे. राजाचे घर शाळा झाले आणि जळाल्यावर लोकांनी ते आपले मानून सावरले. ‘पेशवेकालीन वाडा’ एवढेच म्हणून थांबलो, की ही वर्गणी देणारी माणसे गोष्टीतून गळतात. आणि वारशाच्या दिवशी सर्वांत आधी आठवायला हवीत ती तीच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा ठीक. पण पेठांतल्या खासगी वाड्यांची दारे कोण उघडील? तिथे भाडेकरू आहेत, वाटण्यांचे वाद आहेत, गळकी छपरे आहेत, बिल्डरचा निरोप आलेला आहे. लोक पाहायला आले की उद्या वारसा-यादी येईल आणि घर विकता येणार नाही, ही मालकाची भीती खोटी नाही. तिचा विचार न करता ‘जपा, जपा’ म्हणणे हा दुसऱ्याच्या खर्चाने केलेला दानधर्म आहे.

तरीही दार उघडण्याची रीत आपल्याला नवी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पेठेतल्या बायका एकमेकींच्या वाड्यांत थेट माजघरापर्यंत जात. डाळ-पन्हे घेत, आरास पाहत आणि जाता जाता घरही पाहत. एरवी ज्या पुरुषांची ओसरीवरच बोळवण होई, त्यांच्याहून वाड्याच्या आतल्या चौकाची माहिती या बायकांना अधिक असे. उत्सवात घरच्या देवाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी दिंडी उघडी ठेवणारे वाडेही होते. त्या रीतीला मर्यादाही होत्या. कुणाला बोलावायचे आणि कुणाला नाही हे जात ठरवी, ही बाब झाकून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिच्यातली तीन तत्त्वे आजही उपयोगी आहेत: ठरलेला थोडाच वेळ, घरातलेच कुणीतरी दाखवणारे, आणि आलेल्याला पाहुण्याचा मान. युरोपातल्या खुल्या दिवसांचेही बळ याच तीन गोष्टींत आहे.

म्हणून माझी सूचना लहान आहे. मोफत दिवस खुशाल ठेवावा. पण त्याच दिवशी प्रत्येक गावाने एरवी बंद असलेली एक तरी जागा दोन तास उघडावी: जुनी कचेरी, शाळेचा माळा, संस्थानी बागेतली विहीर, मालक राजी असेल तर एखादा वाडा. तिथे मराठीत सांगणारा एक माणूस बसवावा. तो प्राध्यापकच हवा असे नाही, त्या वाड्यात जन्म काढलेली आजीही चालेल. मालकाला त्या वर्षाच्या घरपट्टीत थोडी सूट द्यावी आणि पाहायला आलेल्यांमुळे त्याच्या हक्कांना बाध येणार नाही असे लेखी द्यावे.

मोठ्या दरवाजात दिंडी ठेवतात ती यासाठीच. सगळा दरवाजा उघडावा लागत नाही, एकेका माणसाला वाकून आत येता येते. तेवढी दिंडी उघडली, तर तिकिटाचे पैसे द्यायला लोक कुरकुरणार नाहीत.