भुकेची भागीदारी : थेसिगरच्या ‘अरेबियन सँड्स’मधील ‘मी’ आणि ‘आम्ही’

प्रवासवर्णनाचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वालाच प्रमाण मानले आहे. प्रवासी रसिक असला, मोकळा असला, की वर्णन वाङ्मयीन ठरते. पण प्रवाशाचा ‘मी’ ज्यांच्या खांद्यावर उभा असतो त्या सोबत्यांचे संहितेत काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विल्फ्रेड थेसिगर याचे ‘अरेबियन सँड्स’ (1959) हे पुस्तक हा प्रश्न टाळू देत नाही. त्याचे मोठेपण यात आहे, आणि अडचणही यातच आहे.

थेसिगरचा जन्म 1910 मध्ये अदिस अबाबा येथे झाला. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डला. 1945 मध्ये टोळधाडीच्या उगमस्थानांचा शोध घेण्याच्या कामावर तो दक्षिण अरबस्तानात आला. टोळ हे निमित्त होते, ओढ होती ती रब अल् खाली या रिकाम्या वाळवंटाची. ते त्याने 1946–47 मध्ये आणि पुन्हा 1947–48 मध्ये उंटांवरून ओलांडले. तो पहिला नव्हता. बर्ट्रम टॉमस 1930–31 मध्ये आणि फिल्बी 1932 मध्ये तेथून जाऊन आले होते. तेव्हा पहिलेपणाचा मान या पुस्तकाला नाही, आणि त्याची त्याला गरजही नाही.

पुस्तकातील एक प्रसंग पाहू. कित्येक दिवसांच्या अर्धपोटी प्रवासानंतर या मंडळींच्या हाती एक ससा लागतो. तो शिजतो. सगळ्यांचे डोळे भांड्याकडे लागलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी तीन अनोळखी अरब येऊन उभे राहतात. सोबती त्यांचे स्वागत करतात, आग्रहाने सर्व अन्न त्यांच्यापुढे ठेवतात. देवानेच पाहुणे धाडले म्हणतात. थेसिगरही त्या आग्रहात सामील होतो. आपल्या मनात त्या क्षणी खुनशी भाव होता, तो चेहऱ्यावर दिसू नये एवढीच आपली इच्छा होती, हेही तो सांगून टाकतो. निवेदनाची खरी ताकद या कबुलीत आहे. आतिथ्याचे गोडवे गाणारी प्रवासवर्णने उदंड आहेत. त्या आतिथ्याची किंमत स्वतःच्या पोटात मोजणारा निवेदक विरळा. मात्र येथेच एक फट पडते. निवेदकाचे मन आपल्याला आतून दिसते. सोबत्यांचे केवळ बोलणे ऐकू येते. त्यांनाही तसेच वाटले असेल का? संहिता त्यांना उदात्त ठेवते, आणि उदात्त ठेवताना त्यांचे अंतरंग काढून घेते.

लिवाजवळचा प्रसंग याच्याही पुढे जातो. सोबती अन्न आणायला गेलेले आहेत. थेसिगर ख्रिस्ती परका, म्हणून वाळूतच मागे राहिला आहे. उपाशी अवस्थेत तो स्वतःला विचारतो, की पोटभर जेवून, खुर्चीत बसून, रेडिओ ऐकत, मोटारींवर अवलंबून अरबस्तान पाहणे आपल्याला आवडले असते काय? उत्तर नकाराचे आहे, आणि ते प्रामाणिकही आहे. पण हा नकार देता येतो तो होकार शक्य असतो म्हणून. बदूंनाही सुपीक मुलखात जाऊन राहता आले असते, त्यांनी स्वातंत्र्यासाठी वाळवंट पत्करले, अशी थेसिगरची बाजू आहे. ती संपूर्ण खोटी नाही. तरीही कोवळ्या वयात त्याच्याबरोबर आलेल्या बिन काबिनाची ‘निवड’ आणि ईटनमध्ये शिकलेल्या माणसाची निवड या दोहोंसाठी एकच शब्द वापरणे मला जड जाते. भूक एकच, तिचे व्याकरण मात्र वेगळे.

आपण केलेल्या नकाशांनी इतरांना, ज्यांचे हेतू अधिक भौतिक होते अशांना, या प्रदेशात यायला मदत झाली, असे थेसिगरने लिहिले आहे. हे वाक्य पुस्तकात आहे, पण निवेदनात मुरत नाही. निवेदनाची रचना शोकगीताची आहे, आणि शोकगीतात दोष नेहमी काळाचा असतो. अब्दुल रहमान मुनीफ यांच्या ‘मिठाची शहरे’ या कादंबरीमालेचा पहिला खंड (1984) याशेजारी ठेवला म्हणजे फरक दिसतो. तेथे वादी अल्-उयून या मरूद्यानात परके येतात, प्रश्न विचारतात, टिपणे काढतात. गावकऱ्यांना त्यांच्या टिपणवह्यांचीच धास्ती वाटते. ट्रॅक्टर मागाहून येतात. थेसिगरच्या संहितेत जी वही निरागस आहे, ती मुनीफ यांच्याकडे पहिली कुऱ्हाड ठरते. (मुनीफ तेलाच्या अर्थशास्त्राचे जाणकार होते, हे येथे उगाच आठवत नाही.)

म्हणून थेसिगरवर ‘प्राच्यवादी’ असा शिक्का मारून मोकळे व्हावे काय? सैद यांच्या 1978 च्या ग्रंथानंतर ही सोय फार सुलभ झाली आहे. परंतु हे पुस्तक अरबांना दुबळे किंवा गूढ ठरवीत नाही. उलट निवेदक सतत स्वतःला त्यांच्यापेक्षा उणा मानतो. दुसऱ्या प्रवासात सुलैयिल येथे इब्न सौदच्या आज्ञेवरून सर्वांना अटक झाली तेव्हा सोबत्यांवर हे संकट आपल्यामुळे ओढवले, याचे भान त्याला आहे. अर्पणपत्रिकेत बिन काबिना आणि बिन घबैशा यांचीच नावे आहेत. दोष तुच्छतेचा नाही. त्यांनी बदलू नये या अपेक्षेचा आहे. 1977 मध्ये तो परत गेला तेव्हा जुन्या सोबत्यांच्या जगात मोटारी आलेल्या होत्या. त्यांना त्यांची खंत नव्हती, त्याला होती. 1991 च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात त्याने हा बदल अखेर मान्य केला. एका संहितेच्या दोन प्रास्ताविकांमध्ये लेखक स्वतःशीच वाद घालतो आहे, आणि अभ्यासकांनी ती सलग वाचायला हवीत.

पुस्तकाच्या शेवटी विमान शहरावरून वळून समुद्रावर येते आणि निवेदकाला हद्दपारी म्हणजे काय ते उमगते. शब्द मोठा आहे, आणि भावना खोटी नाही. पण निरोप देऊन मागे फिरलेल्या दोघांची वाट त्या वाक्यात नाही.