संशय आणि पुरावा : ‘हू किल्ड करकरे?’ या पुस्तकाच्या निमित्ताने

निवृत्त पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांचे ‘हू किल्ड करकरे?’ हे पुस्तक २००९ साली इंग्रजीत निघाले आणि पुढे मराठीत आले. आमच्या कोल्हापूर भागात हे पुस्तक ज्या वेगाने कार्यकर्त्यांच्या हातून हातात फिरले, त्या वेगाने फिरलेली वैचारिक पुस्तके थोडीच असतील. लेखक या मातीतले, खात्यात वरच्या पदावर राहिलेले, आणि ‘ब्राह्मणवाद’ हा शब्द न बिचकता वापरणारे. एवढ्यावर आपल्या माणसांचा विश्वास बसायला वेळ लागत नाही. प्रस्थापितांनी पुस्तकाला देशद्रोही ठरवून बाजूला सारले, आपण ते डोक्यावर घेतले. दोघांनीही ते तपासले नाही. प्रस्थापितांकडून माझी तशी अपेक्षाही नाही. परंतु फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या चळवळीने एखादे पुस्तक केवळ आपल्या बाजूचे आहे म्हणून स्वीकारावे, हे मला चालत नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सरकारी कथनावर संशय घेणे हा आपल्या समाजाने सोसून मिळवलेला अधिकार आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या, असे पोलिसांनी सांगितले. गुंडेवार आयोगापुढे ही टँकरची कथा टिकली नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटात आधी मुसलमान तरुण पकडले गेले, त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० ला ते गेले. त्यानंतर या शहरातल्या माणसाला ‘कट’ हा शब्द अतिशयोक्तीचा वाटत नाही, यात नवल काय?

आणि हेमंत करकरे यांच्या बाबतीत संशयाला जागा होतीच. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास त्यांनी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यापर्यंत नेला. त्यांच्यावर शिव्याशापांचा पाऊस पडत होता. दोन महिन्यांच्या आत, २६ नोव्हेंबरच्या रात्री, ते अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासह रंगभवनच्या गल्लीत मारले गेले. १७ डिसेंबरला केंद्रीय मंत्री अ. र. अंतुले यांनी त्यांना त्या बाजूला पाठवले कोणी, असा प्रश्न केला तेव्हा गदारोळ झाला. २०१९ साली प्रज्ञासिंह यांनी करकरे आपल्या शापाने मेले असे जाहीरपणे सांगितले आणि नंतर ते विधान मागे घेतले. २००८ च्या या खटल्यात ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींची पुराव्याअभावी सुटका केली. एवढे सगळे समोर असताना ज्याच्या मनात संशय येत नाही, तो माणूस निर्बुद्ध तरी असेल किंवा सत्तेच्या पंगतीला बसलेला.

मुश्रीफ मात्र संशयावर थांबत नाहीत. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा : त्या रात्री मुंबईत दोन वेगळ्या कारवाया झाल्या. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस हे काम पाकिस्तानातून आलेल्यांचे. सीएसटी, कामा रुग्णालय आणि रंगभवनची गल्ली हे काम येथल्याच, गुप्तचर यंत्रणा आणि हिंदुत्ववादी टोळी यांच्या संगनमताचे, आणि त्याचा हेतू करकरे यांना संपवणे हा. आता सिद्धांत मांडला की त्याची कसोटी लागते. दोन कारवाया असतील तर त्यांच्यात दुवा सापडता कामा नये. दुवा सापडला तर सिद्धांत पडला.

दुवा सापडतो, तोही एक नाही. नरिमन हाऊसमधल्या हल्लेखोरांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले फोनवरचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले आहे. त्यात सूत्रधार त्यांना सांगतात की आपला एक माणूस जिवंत पकडला गेला आहे, ओलिसांच्या बदल्यात त्याची सुटका मागा. हा पकडलेला म्हणजे गिरगाव चौपाटीवर सापडलेला कसाब. सीएसटी, कामा, रंगभवन या वाटेने आलेला. तो येथल्या कटवाल्यांचा माणूस असेल, तर त्याला सोडवण्याची काळजी नरिमन हाऊसवाल्यांच्या मालकांना का? दुसरा दुवा डेव्हिड हेडली. त्याने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. लष्कर-ए-तय्यबासाठी ज्या जागांची त्याने आधी टेहळणी केली त्यांत ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस आहेत, आणि सीएसटीही आहे. ‘कुबेर’ बोट आणि तिच्या मारलेल्या तांडेलाचे प्रेत हा तिसरा. खुद्द पाकिस्तानच्या गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे मान्य केले, आणि त्यांच्या तपासयंत्रणेचे एकेकाळचे प्रमुख तारिक खोसा यांनी २०१५ साली सिंधमधल्या ठट्ट्याजवळच्या प्रशिक्षणतळासह सगळा तपशील वर्तमानपत्रात लिहिला. येथल्या ब्राह्मणवाद्यांना वाचवण्यासाठी पाकिस्तानी पोलीस अधिकारी आपल्याच देशावर बालंट घेईल, हे कोणत्या तर्कात बसवायचे?

पुस्तकाचा मोठा आधार म्हणजे पहिल्या दोन-चार दिवसांतल्या वर्तमानपत्री बातम्या. कामा रुग्णालयात हल्लेखोर मराठीत बोलले, ही त्यांतली एक. गोळीबारात सापडलेल्या, अंधारात दडून बसलेल्या माणसाने दिलेली आणि रात्रीच्या घाईत वार्ताहराने टिपलेली ही माहिती. पुढे साक्षी, उलटतपासणी, छायाचित्रे, चित्रण असे सगळे न्यायालयापुढे आले. त्यांपैकी जे सोयीचे नाही ते ‘रचलेले’ आणि पहिल्या दिवसाची बातमी मात्र वेदवाक्य, हा कोणता न्याय? सीएसटीवर कसाबचे छायाचित्र पोलिसाने काढलेले नाही, जीव धोक्यात घालून वृत्तछायाचित्रकारांनी काढले आहे. करकरे यांच्या गाडीत मागे जखमी होऊन पडलेले शिपाई अरुण जाधव वाचले आणि त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. शिपायाच्या शब्दाला एवढी किंमत नाही काय? (घरात मी पहिला पदवीधर. आमच्याकडे ‘पेपरात आलंय’ म्हटले की वाद मिटायचा. छापील अक्षराचा तो दरारा निरक्षरतेतून आलेला होता. पदवी घेतलेल्यांनी तो पुढे चालवावा, हे मात्र विपरीत आहे.)

मनगटावरच्या लाल दोऱ्याचेही तसेच. दोरा म्हणून हिंदू, हिंदू म्हणून येथला कट, अशी साखळी जोडली जाते. हल्लेखोरांकडे हिंदू नावांची खोटी ओळखपत्रेही होती. वेषांतर करणारा माणूस ज्याचे सोंग घ्यायचे त्याचीच खूण अंगावर घालणार, हे बहुरूपी पाहिलेल्या पोरालाही कळते. याच ओळखपत्रांवरून मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी २०२० च्या आत्मचरित्रात लिहिले की कसाबला हिंदू म्हणून मरायला पाठवले होते. मग दुसऱ्या बाजूनेही आरोळी उठली की ‘हिंदू दहशतवाद’ रचण्याचा हा काँग्रेसचा कट. एकच दोरा, त्याचे दोन फास.

खटल्याकडे वळू. न्यायालय म्हणजे पोलिसांचा शिक्का, असे अभ्यासवर्गात सर्रास ऐकू येते. याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय मुसलमानांवर नकाशे पुरवल्याचा आरोप होता. असा एक नकाशा मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचे पोलिसांनी सांगितले. न्यायाधीश तहलियानी यांनी विचारले : कपडे रक्ताने भिजलेले, मग नकाशावर डाग कसा नाही, घडी चुरगळलेली कशी नाही? दोघेही सुटले, वरच्या न्यायालयांतही ती सुटका टिकली. रमाबाई नगरात टँकर आणि गोळ्यांची जागा यांतले अंतर पाहिले गेले, येथे कागदाची घडी पाहिली गेली. खोटे कथन असे पकडले जाते. मुश्रीफ यांच्या पुस्तकात घडी पाहण्याचे हे कष्ट कमी आहेत आणि ‘यावरून सिद्ध होते’ हे शब्द फार.

मे २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, विजय वडेट्टीवार यांनी याच पुस्तकाचा हवाला देऊन म्हटले की करकरे यांना लागलेली गोळी कसाबची नव्हती, संघाच्या जवळच्या एका पोलिसाची होती. वादासाठी पहिले अर्धे धरून चालू. कसाबची नव्हती, तर त्याच्या शेजारी दुसरी बंदूक घेऊन अबू इस्माईल उभा होता. त्याला ओलांडून पोलिसापर्यंत जायला वेगळा पुरावा लागतो, आणि तो कोणी पुढे ठेवलेला नाही.

आता ‘ब्राह्मणवाद’ या शब्दाबद्दल, कारण खरे दुखणे तेथे आहे. बाबासाहेबांनी ब्राह्मण्याची जी चिकित्सा केली तिच्यात ब्राह्मण्य ही मूल्यव्यवस्था आहे. विवाह, धंदा, शिक्षण, देवधर्म यांतून ती उघड चालते, ग्रंथांत छापलेली आहे, आणि म्हणून दाखवून देता येते. मुश्रीफ यांच्या पुस्तकात ती एक गुप्त टोळी होते. सगळे तिला ठाऊक, सगळे तिच्या हातात, आणि तिचा पुरावा मिळत नाही हाच तिच्या सामर्थ्याचा पुरावा. हे वर्णन मला ओळखीचे वाटते. सत्यनारायणाच्या पोथीत प्रसाद न घेतलेल्याचे जहाज बुडते. जे घडले त्यामागे कोपलेला कोणीतरी असतोच. व्यवस्थेच्या जागी टोळी आणली की लढाही सोपा वाटतो, टोळी पकडली की संपले. खेड्यातला पाणवठा, वसतिगृहातली शिष्यवृत्ती, प्राध्यापकभरतीचा राखीव बिंदू यांतले ब्राह्मण्य मग दिसेनासे होते.

१९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब कबूल करतात की जेथे दुवे हरवले तेथे तर्काने आणि कल्पनेने पूल बांधावा लागला, आणि आपली उपपत्ती हा शेवटचा शब्द मानावा असा आपला आग्रह नाही. ज्यांच्या हाती शतकांपूर्वीचा एक कागदही नव्हता ते एवढी सावधगिरी बाळगतात. आणि आपण हजारो पानांचा खटला उपलब्ध असताना ठाम बोलतो!

या सिद्धांताची आणखी एक किंमत आहे. सीएसटीवर ५० हून अधिक माणसे मेली. लांबच्या गाडीची वाट पाहत बोचक्यांवर बसलेले, बिहार-उत्तर प्रदेशाकडे निघालेले कष्टकरी, त्यांत मुसलमान कुटुंबेही होती. ताजचा घुमट जगाने पाहिला, ही माणसे तेव्हाही फारशी दिसली नाहीत. ‘खरा हेतू करकरे’ असे म्हटले की त्यांचे मरण एका अधिकाऱ्याला गल्लीपर्यंत आणण्याचे निमित्त उरते. आपल्या लेखणीतून हे होऊ नये.

आणि राज्यकर्त्यांना ते किती सोयीचे! सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन कसाबच्या बंदुकीला भिडले आणि गोळ्या झेलून मेले. एके-४७ पुढे लाठी कोणी दिली, याचे उत्तर कटात नाही, खात्याच्या खरेदीत आहे. करकरे यांचे जॅकेट रुग्णालयातून गहाळ झाले. कविता करकरे त्याचा पाठपुरावा करीत राहिल्या आणि २०१४ साली गेल्या. प्रधान समितीने तत्कालीन पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला. कटाच्या धुरळ्यात हे सगळे दबले.

विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या. कामाला वेढा घालण्यासाठी करकरे यांनी बिनतारीवरून कुमक मागितली होती, ती आली नाही, आणि तिघे अधिकारी बराच वेळ त्या गल्लीत पडून राहिले, हे त्यांनी ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात संदेशाच्या वेळांसह मांडले. अशोक कामटे सांगलीला पोलीस अधीक्षक होते, म्हणजे आमच्या शेजारी. त्या पुस्तकावर या भागात अभ्यासवर्ग झालेला माझ्या पाहण्यात नाही.