नग्नतेचे नियम आणि स्त्रीपुरुषसमता

भायखळ्याच्या राणीच्या बागेलगत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. घारापुरीस ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी दिले ते याच हत्तीवरून. त्या बेटावरील मुख्य लेण्यात सहाव्या शतकातील अर्धनारीश्वराची भव्य प्रतिमा आहे. तिचा उजवा भाग पुरुषाचा, डावा स्त्रीचा. कमरेच्या वर दोन्ही भाग सारखेच अनावृत आहेत. एक उघडा ठेवावा व दुसरा झाकावा असा भेद शिल्पकाराच्या मनास शिवलेला दिसत नाही.

समाजमाध्यमांच्या नियमांनी मात्र नेमकी याच ठिकाणी रेघ ओढली आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या नियमांप्रमाणे पुरुषाची उघडी छाती निर्वेध असते, स्त्रीचे स्तनाग्र सामान्यतः वर्ज्य ठरते. स्तनपान, शस्त्रक्रियेचे व्रण, निषेधाची कृती, चित्रे व शिल्पे असे अपवाद पुढे जोडले गेले. म्हणजे घारापुरीच्या पार्वतीस मुभा मिळाली ती पाषाणाची म्हणून! ज्या नियमास इतके अपवाद लागतात, त्याच्या मूळ तत्त्वाविषयीच शंका घेणे प्राप्त होते. जानेवारी 2023 मध्ये याच कंपनीच्या निर्णयांची छाननी करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने अमेरिकेतील एका जोडप्याच्या प्रकरणात निर्णय दिला. ते जोडपे स्वतःस पारलिंगी व स्त्री वा पुरुष यांपैकी कोणतीच ओळख न मानणारे म्हणवीत होते. हा नियम देहाची विभागणी केवळ स्त्री व पुरुष अशा दोनच कप्प्यांत करतो, असे मंडळाने म्हटले व लिंगभेदरहित निकष ठरविण्याची शिफारस केली.

या नियमाच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारार्ह आहे. स्त्रीची चित्रे तिच्या संमतीवाचून पसरविली जातात, सबब तिला अधिक संरक्षण हवे, असे ते म्हणतात. भय खरे आहे. उपाय मात्र चुकीच्या जागी लावला आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66-ई पाहावे. व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे चित्र संमतीवाचून घेणे वा प्रसृत करणे या कलमाने दंडनीय ठरविले आहे, आणि त्या अवयवांत स्त्रीच्या स्तनांचा स्पष्ट उल्लेख आहे. येथे लिंगाचा उल्लेख स्त्रीच्या हाती एक अधिकार देतो, कारण निर्णय तिच्या संमतीवर सोपविलेला आहे. समाजमाध्यमांच्या नियमात तोच उल्लेख तिची संमती निरर्थक ठरवितो. दोहोंत शब्द एकच, पण परिणाम परस्परविरुद्ध, ही गोष्ट या वादात पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

तथापि नियमाचा शब्द निःपक्षपाती केला की काम भागले, असेही नव्हे. भारतीय दंड संहितेच्या कलम 294 मध्ये स्त्री वा पुरुष असा भेद मुळीच नव्हता. नोव्हेंबर 2020 मध्ये गोव्यात एकाच आठवड्यात दोन प्रकरणे घडली. काणकोणच्या चापोली धरणावरील चित्रफितीवरून पूनम पांडे यांना अटक होऊन नंतर जामीन मिळाला; समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र स्वतः प्रसिद्ध करणारे मिलिंद सोमण यांच्यावर गुन्हा नोंदविला गेला, अटक झाली नाही. दोन्ही प्रकरणे सर्वांशी समान नव्हती, हे मान्य केले पाहिजे. एक चित्रफीत, दुसरे छायाचित्र, शिवाय धरण ही सरकारी मालमत्ता. पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या शरीरसौष्ठवाचे जे कौतुक झाले, त्याचा अंशही त्या स्त्रीच्या वाट्यास आला नाही. त्यास मालमत्तेचे कारण पुरेसे नाही.

नग्नतेच्या पुरस्कर्त्यांची दृष्टी तरी समान असते काय? मराठीत हा प्रश्न र. धों. कर्वे यांच्यापाशी आणून पाहावा लागतो. 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविताना त्यांनी खटले सोसले; 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. नग्न देहात स्वभावतः अश्लील काही नाही, ही त्यांची भूमिका स्त्री व पुरुष या दोघांनाही लागू होती. त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न देह मात्र बहुधा स्त्रीचाच असे.